स्टीलची टाकी, नायट्रॉक्स आणि गंज

स्कूबासाठी अमेरिकेत वापरतात ती ३४४२ पीएसआयची, म्हणजे साधारण २३७ बारची स्टील टाकी नायट्रॉक्सला, म्हणजे जादा ऑक्सिजनच्या हवेला, झकास! पण ३२ टक्के ऑक्सिजनचं मिश्रण पार्शल प्रेशरने भरायचं तर रिकाम्या टाकीत आधी सुमारे ३३ बार शुद्ध ऑक्सिजन, तोही अगदी सावकाश, आणि मग तेलविरहित हवा. त्यामुळे टाकी आणि व्हॉल्व्ह ऑक्सिजन-क्लीन हवेतच. आत तेलकटपणा राहिला तर पेट घेऊ शकतो. मिश्रण शेवटी ३२ टक्केच होणार म्हणून या सफाईतून सूट मिळत नाही. लोक हे हमखास विसरतात. ओल राहिली तर स्टील गंजतं, जास्त ऑक्सिजनमध्ये आणखी लवकर. भरल्यावर अ‍ॅनालायझर स्वतः लावा, आकडा टेपवर लिहा. ऑक्सिजनच्या पार्शल प्रेशरची १.४ बारची मर्यादा धरली तर ३२ टक्क्यांवर ३३ मीटरच्या खाली जायचं नाही, टाकीत गॅस कितीही शिल्लक असो.