पदवी हातीं आली, पुढें काय?

हल्लीं आपल्या ओळखीच्या घरांतून जर्मनीस शिकावयास गेलेलीं मुलें पुष्कळ आढळतात. आमच्या नात्यांतील एक मुलगा तेथें यंत्रशास्त्राचा एम. एस्‌सी. होऊन आठ महिने नोकरी शोधीत आहे. इकडे बँकेच्या कर्जाचे हप्ते सुरू झालेले, आणि फोनवर आजीपासून आत्यापर्यंत सर्वांचा एकच प्रश्न, “लागली का रे नोकरी?” अलीकडे तो फोनच उचलीत नाहीं, हें ऐकून आम्हांस वाईट वाटलें व या विषयाची आम्ही थोडी चौकशी केली.

२०२३-२४ च्या हिवाळी सत्रांत जर्मनींत सुमारें ४९,००० भारतीय विद्यार्थी होते. परदेशी विद्यार्थ्यांत हीच संख्या सर्वांत मोठी. पदवीनंतर योग्य नोकरी शोधण्यासाठीं तेथील कायदा १८ महिन्यांपर्यंत राहण्याचा परवाना देतो, व त्या मुदतींत पोटापुरतें कोणतेंहि काम करितां येतें. मुदत उदार खरी. पण दिवस कोणासाठीं थांबत नाहींत.

मग साह्य कोणाचें? बहुतेक विद्यापीठांत ‘करिअर सर्व्हिस’ नांवाचा विभाग असतो. जर्मन पद्धतीचा अर्ज कसा लिहावा हें तो दाखवितो, मुलाखतीचा सराव करवितो, उद्योजकांचे मेळावे भरवितो. १९२५ सालीं स्थापन झालेली ‘डाड’ ही संस्था २०२४ पासून अशा कार्यास विशेष द्रव्यसाह्य करीत आहे. आमचा हा मुलगा मात्र त्या विभागाची पायरी प्रथम चढला तो निकाल लागल्यावर! गुण उत्तम असले कीं नोकरी आपण होऊन दारीं येते, अशी त्याची समजूत.

भाषेचेंहि तसेंच. इंग्रजींतून पदवी मिळते. पण लहान गांवच्या कारखान्यांतील व्यवहार जर्मन भाषेंतच चालतो. शिवाय १ मार्च २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्यांस वर्षाकाठीं १४० पूर्ण दिवस काम करण्याची मुभा आहे. उपाहारगृहांत बश्या विसळण्यांत कमीपणा नाहीं. परंतु त्यांतले कांहीं दिवस आपल्या विषयाच्या कामास दिले, तर तीच ओळख पुढें उपयोगी पडते.

पाणी आटण्यापूर्वींच डोह सोडणाऱ्या शहाण्या माशाची गोष्ट आम्ही वर्गांत वर्षानुवर्षें शिकविली. परदेशीं जाणाऱ्यानें ती पहिल्या सत्रापासून ध्यानांत ठेवावी. आमच्या मुलाचे अद्यापि दहा महिने शिल्लक आहेत. आतां तो रोज भाषेच्या वर्गास जातो.

आणि घरच्या वडील मंडळींनीं काय करावें? परवां आजीनें नोकरीचें नांवहि न काढतां विचारलें, “भाताला जर्मनमध्यें काय म्हणतात रे?” मुलगा अर्धा तास बोलत होता.