जुन्या रायफलीला नवा दस्ता

थ्री-नॉट-थ्री म्हणजे काय, हे मराठी घरात समजावून सांगावं लागत नाही. गावाकडच्या पोलीस ठाण्यात ती दिसायची, आणि २६/११च्या रात्री सीएसटीवर आपल्या पोलिसांच्या हातातही तीच होती. तिचं खरं नाव ली-एनफील्ड. त्यातलं एनफील्ड म्हणजे उत्तर लंडनचंच एक उपनगर, हॅरोपासून फार दूर नाही. तिथला सरकारी रायफल कारखाना १९८८ साली बंद झाला आणि त्या जागेवर आता वसाहत उभी आहे.

आमच्या मंडळातल्या एका स्नेह्यांकडे अशी एक रायफल आहे. रीतसर पोलिसांच्या परवान्यावर, घरात पोलादी कपाटात कुलूपबंद. सरेमधल्या बिस्ले मैदानावर ते महिन्यातून एकदा नेम धरायला जातात. त्यांचे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीतून इटलीत लढले होते. नाईक यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तीच ही आघाडी. ही रायफल आजोबांची नव्हे, पण जातकुळी तीच. सध्या स्नेह्यांचं वय सदुसष्ट आणि मान आखडलेली. दुर्बीण बसवल्यावर डोळा वर न्यावा लागतो, गाल लाकडावरून सुटतो आणि नेम हलतो. म्हणून त्यांनी मागचंपुढचं सगळं जुनं लाकूड उतरवून, गालाची उंची कमीजास्त करता येणारा प्लास्टिकचा नवा दस्ता बसवायचं ठरवलं. मुलगी कळवळून म्हणाली, "बाबा, नका ना काढू ते लाकूड!"

घरात चांगलीच जुंपली. मी दोन्हीकडचा चहा पीत ऐकत होतो.

मुलीचं म्हणणं अगदीच भावनेपोटी नव्हतं. या रायफलीचं पुढचं लाकूड त्या त्या नळीला बेतून बसवलेलं असतं. एकाचं दुसरीला सहज लागत नाही. जुन्या मार्क-३ प्रकारात तर पुढचं लाकूड आधी न उतरवता दस्त्याचा लांब बोल्ट फिरवला तर लाकूड उभं चिरतं. घरच्या घरी हौस करणाऱ्यांनी अशी कितीतरी लाकडं वाया घालवली आहेत. संग्राहकाच्या लेखी मूळ लाकूड गेलं की निम्मी किंमत गेलीच म्हणायची.

पण बाबांची बाजूही लंगडी नव्हती. लाकूड दमट हवेत फुगतं, उन्हात आकसतं आणि त्याचा दाब नळीवर पडला की गोळी सरकते. पूर्वी सैनिक त्यावर जवसाचं तेल चोळत. (आपण जवसाची चटणी करतो, त्यांनी बंदुका पुसल्या.) शिवाय माणसाच्या मापाने रायफल बदलणं हे काही आजचं खूळ नाही. ली-एनफील्डचा दस्ता मुळातच वेगळा तुकडा आहे आणि तो चार लांबींत मिळे: लाँग, नॉर्मल, शॉर्ट आणि बँटम. बँटम हा नॉर्मलपेक्षा एक इंचाने आखूड, बुटक्या शिपायांसाठी. दुसऱ्या महायुद्धात नेमबाज शिपायांसाठी नंबर ४ रायफलींवर दुर्बिणी चढवल्या, तेव्हा दस्त्यावर गालासाठी लाकडी उंचवटा स्क्रूने बसवला. अशा वीस हजारांहून अधिक रायफली हॉलंड अँड हॉलंड या कंपनीने तयार करून दिल्या. तिचा कारखाना लंडनच्या हॅरो रोडवर, म्हणजे आपल्या गावाच्या नावाच्याच रस्त्यावर! आजचा प्लास्टिकचा सरकता गालटेकू हा त्या उंचवट्याचाच वंशज.

मला विचाराल तर मी बाबांच्या बाजूचा. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला २०२४ साली कांस्यपदक मिळवलं, त्याच कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकला विश्वविजेतेपद. त्या खेळातल्या रायफलींत गाल, खांदा, तळवा, प्रत्येक जागी मापं बदलता येतात. २००२च्या राष्ट्रकुल स्पर्धेची नेमबाजी याच बिस्लेवर झाली आणि अंजली भागवतने तिथे चार सुवर्णपदकं जिंकली. शरीराने शस्त्राशी जुळवून घेण्यापेक्षा शस्त्राने शरीराशी जुळवून घ्यावं, हे तिथे सर्रास मान्य आहे.

तोडगा क्लबच्या जाणकाराने काढला. लाकडाला एकही नवं भोक पाडायचं नाही, काहीही तासायचं नाही. सगळं लाकूड जसंच्या तसं उतरवून जपायचं, म्हणजे उद्या पुन्हा चढवता येईल. काम त्यानेच केलं. परवान्याच्या बाबतीतही त्याने आधी विचारून घ्यायला सांगितलं, कारण इथे रायफलीच्या एकूण लांबीलाही कायद्याची किमान मर्यादा आहे.

नव्या दस्त्याने मान दुखायची थांबली. दिसायला मात्र ती रायफल आता एखाद्या ड्रिल मशीनसारखी दिसते, हे मुलीचं मत मलाही पटतं.

यंदा खंडेनवमीला त्यांच्याकडे गेलो होतो. पाटावर रायफलीशेजारी जुन्या चादरीत गुंडाळलेलं लाकूडही मांडलं होतं, जवसाच्या तेलाचा ताजा वास येत होता. हळदकुंकू वाहायला मुलगी पुढे झाली आणि तिने आधी लाकडाला वाहिलं.