शिकवणाऱ्याला करसवलत द्यायची, पण कोणत्या करात?

संशोधनाचा विषय शोधताना आपल्यातले पुष्कळ जण एखाद्या सूचनेपाशी थांबतात आणि तिलाच प्रश्न समजतात. उदाहरणार्थ, "फुकट शिकवणाऱ्या स्वयंसेवकांना करसवलत द्यावी." ऐकायला छान वाटतं. पण समितीसमोर हे वाक्य बोललात की समोरून दोनच शब्द येतील: कोणता कर? आज आपल्या गोंदिया जिल्ह्यापुरता तेवढाच प्रश्न धरून बसू.

आधी स्वयंसेवक कोण ते बघा. केंद्राचा 'उल्लास', म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम, २०२२ ते २०२७ या काळासाठी आहे. पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांना शिकवायचं काम त्यात स्वयंसेवकांवर सोपवलंय आणि त्यांना मानधन नाही. कल्पना आपल्याकडे नवी नाही; १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीमही गावकऱ्यांच्या बळावरच चालली होती. आता सालेकसा किंवा देवरी तालुक्यातल्या एखाद्या टोल्यावर संध्याकाळी बायांना अक्षरं गिरवायला लावणारी व्यक्ती डोळ्यांपुढे आणा. बारावी झालेली मुलगी, डीएड करणारा पोरगा, फार तर अंगणवाडी सेविका.

यांच्यातलं आयकर भरतं कोण? नव्या कररचनेत २०२५-२६ पासून बारा लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर शून्य होतो. जो कर भरायचाच नाही, त्यात सूट काय देणार? ही सवलत गोंदिया शहरातल्या एखाद्या राइस मिल मालकाला किंवा वरिष्ठ प्राध्यापकाला लागू पडेल, पण टोल्यावर शिकवणारे ते नव्हेत.

शिवाय कायदा पैसा ओळखतो, वेळ ओळखत नाही. आयकर कायद्यातलं देणगीचं कलम मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीवर वजावट देतं. त्यातही देणगी पैशातच हवी, दोन हजारांवरची रक्कम रोखीने दिली तर चालत नाही आणि नवी कररचना निवडली तर ही वजावटच नाही. वर्षभर रोज दोन तास शिकवलं तरी त्या तासांची किंमत या कलमात शून्य. अमेरिकेतही तसंच आहे. तिथे स्वयंसेवकाला पदरचा प्रवासखर्च वजा करता येतो, पण स्वतःच्या वेळेची किंमत लावता येत नाही.

मात्र अमेरिकेतच मॅसॅच्युसेट्स राज्यात एक वेगळी सोय आहे. साठी ओलांडलेले नागरिक गावाच्या कामात तास देतात आणि तेवढी रक्कम, ठरावीक मर्यादेपर्यंत, त्यांच्या मालमत्ता करातून कमी होते. इथे कान टवकारा, कारण हा कर आपल्या गावातही आहे. घरपट्टी! आयकर न भरणाराही घरपट्टी भरतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत मूल घातलं तर घरपट्टी माफ, अशा घोषणा काही ग्रामपंचायतींनी केल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील.

मग सुटला का प्रश्न? नाही. उलट मला तर खरा विषय इथेच सुरू होतो असं वाटतं.

घर कुणाच्या नावावर आहे? शिकवते ती वीस वर्षांची मुलगी आणि सूट मिळणार बापाला किंवा आजोबाला. यातून तिचा उत्साह वाढेल, की "जा गं, शिकवून ये, पट्टी वाचते" असा घरचा हुकूम सुरू होईल? दुसरं म्हणजे, घरपट्टी मुळात भरली जाते का? ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये कर आकारणी आणि नमुना ९ मध्ये कर मागणी सापडते. थकबाकी वर्षानुवर्षे चालत असेल, तर माफीचं आमिष पोकळ. सिनॉप्सिस लिहिण्याआधी दोन-तीन गावांची ही दप्तरं बघून या. पन्नास पेपर वाचून कळणार नाही ते तिथे कळेल. आणि माफ केलेली रक्कम ग्रामपंचायतीला भरून कोण देणार, हेही ग्रामसेवकाला विचारा.

आता थोडं मानसशास्त्राकडे. ग्नीझी आणि रस्टिचिनी या अर्थशास्त्रज्ञांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. इस्रायलमधली १८० शाळकरी मुलं दारोदार देणगी गोळा करायला निघाली. काहींना मोबदला नव्हता, काहींना जमलेल्या रकमेच्या एक टक्का, काहींना दहा टक्के. सगळ्यात जास्त रक्कम जमवली मोबदला नसलेल्यांनी. दहा टक्केवाले एक टक्केवाल्यांच्या पुढे, पण फुकटवाल्यांच्या मागेच राहिले. म्हणजे किरकोळ मोबदला कधीकधी काहीच न देण्यापेक्षा वाईट ठरतो. घरपट्टीतली दोन-चारशे रुपयांची सूट नेमकी या किरकोळात बसते की काय, ही तुमची गृहीतकल्पना होऊ शकते. (इस्रायलचा निकाल तसाच्या तसा गोंदियाला चिकटवू नका. तो तपासायचाय, मानायचा नाही.)

मी विज्ञानाकडून आल्यामुळे मला लगेच तुलनेचा गट दिसतो. काही गावांत काहीच द्यायचं नाही, काही गावांत ग्रामसभेत सर्वांसमोर सत्कार, काही गावांत घरपट्टीत सूट. सत्कार चारचौघांत होतो, करसवलत पावतीत दडून राहते. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

मोजायचं काय, यावर मात्र मी अडून बसेन. स्वयंसेवकांची नोंदणी मोजू नका. सवलत लागू झाली की कागदावर नावं वाढतीलच. साठीची बाई मार्चमधल्या परीक्षेला बसली का, वाचन, लेखन, संख्याज्ञान यांत कुठे अडली आणि पोरीने मध्येच शिकवणं सोडलं तर तिचं पुढे काय झालं, हे मोजा. अर्धवट सुटलेली शिकणारी पुन्हा पाटी हातात घ्यायला सहसा धजत नाही. चुकीच्या योजनेचा भुर्दंड तिलाच बसतो.

आणि वेळापत्रक शेतीच्या कलाने आखा. मे महिन्यात तेंदूपानं, जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी. या दिवसांत वर्ग रिकामा दिसला तर तो सवलतीचा परिणाम समजू नका. पहिली मोजणी डिसेंबरमध्ये, मळणी आटोपल्यावर.