भातात उमललेले फूल

नारिता विमानतळावर उतरणाऱ्या प्रवाशाला वाटते, आपण टोकियोला पोहोचलो. वस्तुतः तो उतरलेला असतो टोकियोशेजारच्या चिबा या प्रांतात. पासपोर्टची तपासणी आटोपली की तो घाईने आगगाडीत बसतो आणि चिबाची भातखाचरे खिडकीबाहेर मागे पडत जातात. दोन वर्षांपूर्वी एप्रिलच्या अखेरीस मला मात्र त्या भातखाचरांच्याच प्रदेशात मुक्काम करण्याचा योग आला. निमित्त होते मुलाच्या लग्नाचे.

नोकरीसाठी टोकियोला गेलेल्या आमच्या चिरंजीवांनी तिथलीच मुलगी पसंत केली होती. मुलगी गोड, सालस. तक्रारीला जागाच नव्हती. तरीही मनातून मी थोडी खट्टू होते. मुलगा आता कायमचा तिकडचाच होणार, हे शल्य होते. शिवाय ज्यांच्याशी जन्माचे नाते जुळणार, त्या विहीणबाईंशी एक वाक्यही बोलता येत नव्हते. त्यांना मराठी, हिंदी, इंग्रजी येत नव्हते आणि माझे जपानी ‘आरिगातो’पाशी संपत होते. पहिले दोन दिवस आम्ही एकमेकींना वाकून नमस्कार करण्यातच घालवले. तिसऱ्या दिवशी होणाऱ्या सूनबाईंनी निरोप आणला, “आई विचारते, तिच्यासोबत सुशीच्या वर्गाला याल का?”

मी शाकाहारी, अंड्यापर्यंतच माझी मजल. त्यामुळे ‘सुशी’ हा शब्द ऐकताच पोटात गोळा आला. तो माझ्या चेहऱ्यावर उमटला असावा, कारण सूनबाई लगेच हसून म्हणाल्या, “काळजी करू नका, यात मासा नसेल. यात चित्र असते.”

आंबट भाताची कुळकथा

सुशी म्हणजे कच्चा मासा, ही आपल्याकडची सर्वसाधारण समजूत. परंतु सुशीचे सुशीपण आंबट भातात आहे. त्या शब्दाचे मूळच ‘आंबट’ या अर्थाच्या जुन्या जपानी शब्दात आहे. फार पूर्वी मासा टिकवण्यासाठी तो मीठ लावून शिजवलेल्या भातात महिनोन्‌महिने दाबून ठेवत. भात आंबे आणि त्या आंबटपणामुळे मासा टिके. खाताना मासा घ्यायचा आणि भात टाकून द्यायचा, अशी रीत होती. बिवा सरोवराच्या काठी ‘फुनाझुशी’ या नावाने हा प्रकार आजही तयार होतो. पुढे महिनोन्‌महिने थांबण्याऐवजी भातातच शिरका, म्हणजे व्हिनेगर, मिसळण्याची युक्ती निघाली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, हातानेच भाताचा मुटका वळून त्यावर माशाचा तुकडा ठेवलेली सुशी लोकप्रिय झाली. तिचे श्रेय सामान्यतः हानाया योहेई यांना दिले जाते.

चिबातील बोसो द्वीपकल्पाच्या खेड्यांत मात्र वेगळीच परंपरा रुजली. तिचे नाव ‘फुतोमाकी मात्सुरी-झुशी’. ‘फुतोमाकी’ म्हणजे जाड गुंडाळी आणि ‘मात्सुरी’ म्हणजे उत्सव. लग्नकार्य, सणवार अशा प्रसंगी दहा जण जमले की घरातल्या भाताची ही गुंडाळी होई. तिचे काप केले की प्रत्येक कापात एकच चित्र दिसे: गुलाब, कॅमेलिया, फुलपाखरू किंवा एखादे मंगल अक्षर. जपानच्या कृषी मंत्रालयाने २००७ साली ग्रामीण भागांतील प्रादेशिक पदार्थांची निवड केली, तीत चिबाच्या या जाड गुंडाळीला स्थान मिळाले. २०१३ साली जपानची पारंपरिक पाककला ‘युनेस्को’च्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाली.

बोटे ओली करण्याची वाटी

वर्ग म्हणजे गावच्या समाजमंदिरातील स्वयंपाकघर. सहा जणी शिकणाऱ्या आणि सत्तरी ओलांडलेल्या एक शिक्षिका. त्यांना सर्वजणी आदराने ‘सेन्सेई’ म्हणत.

आरंभ भातापासून. आखूड दाण्याचा, चिकट होणारा तांदूळ धुऊन, निथळून बेताच्या पाण्यात शिजवलेला होता. तो पसरट लाकडी घमेल्यात ओतून त्यावर व्हिनेगर, साखर आणि मिठाचे मिश्रण शिंपडले गेले. प्रमाण सांगायचे तर दोन वाट्या तांदळाला चार मोठे चमचे व्हिनेगर, दोन मोठे चमचे साखर आणि एक लहान चमचा मीठ. उलथने आडवे न फिरवता सुरीसारखे उभे चालवायचे. नाहीतर दाणा मोडून लगदा होतो. एकीने भात मोकळा करायचा आणि दुसरीने पंख्याने वारा घालायचा. वाऱ्याने जादा ओल उडते आणि भाताला तकाकी येते. पंखा माझ्या हाती आला. विहीणबाई भात उलथत होत्या आणि मी वारा घालत होते. ते आमचे पहिले संभाषण.

मग प्रत्येकीपुढे एक वाटी आली: पाणी आणि थोडे व्हिनेगर. भात बोटांना चिकटू नये म्हणून बोटे त्यात बुडवायची. मला एकदम बँकेतील रोखपालाच्या खिडकीमागचा ओला स्पंज आठवला. सेवेची कित्येक वर्षे त्या स्पंजावर बोटे टेकवून मी नोटा मोजल्या. पाणी कमी पडले तर दोन नोटा एकत्र जातात आणि जास्त झाले तर नोट भिजते. इथेही तेच: बोटे कोरडी राहिली तर भात चिकटतो आणि फार ओली झाली तर भात सुटतो. हा एक धडा मला आधीच येत होता, याचा मनाला फार आधार वाटला.

काळा कागद आणि एक विदुषी

चित्राच्या रेषा काढायच्या त्या ‘नोरी’ने. समुद्रशैवाल बारीक करून हातकागदासारखे पातळ थरांत वाळवले की हे काळसर हिरवे ताव तयार होतात. एक ताव सुमारे २१ सेंटिमीटर लांब आणि १९ सेंटिमीटर रुंद. चकचकीत बाजू बाहेर ठेवायची, हा नियम.

या तावामागे एक हृद्य कथा आहे. हे शैवाल समुद्रात पिकवणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या एक कोडे होते: उन्हाळ्यात ते कोठे नाहीसे होते? त्यामुळे पीक दैवाधीन असे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात तर हा व्यवसाय मोठ्या संकटात सापडला. कॅथलीन ड्रू-बेकर या ब्रिटिश विदुषीने १९४९ साली ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले, की हे शैवाल आपल्या जीवनक्रमातील एक अवस्था शिंपल्यांच्या आत सूक्ष्म तंतूंच्या रूपाने काढते. त्या ज्ञानावरून जपानी संशोधकांनी शिंपल्यांवर ‘बियाणे’ वाढवण्याची पद्धत बसवली आणि नोरीची शेती भरवशाची झाली. ड्रू-बेकर जपानला कधीच गेल्या नव्हत्या. १९५७ साली त्यांचे निधन झाले. कुमामोतो प्रांतातील उतो येथे १९६३ साली त्यांचे स्मारक उभारण्यात आले. दरवर्षी १४ एप्रिलला तेथे त्यांचे कृतज्ञतापूर्वक स्मरण केले जाते.

आणखी एक ओळखीचा पाहुणा भेटला. गोड सोया सॉसमध्ये शिजवलेल्या तपकिरी फिती गुंडाळीत घालतात. त्यांना ‘कांप्यो’ म्हणतात. चौकशी केली तेव्हा कळले, की हा आपल्या दुध्या भोपळ्याचाच भाऊबंद. त्याचा गर लांबलचक पट्ट्यांत सोलून वाळवतात आणि तोचिगी प्रांत त्याचे माहेरघर आहे. मुलांनी नाक मुरडलेला दुधी इथे लग्नाच्या पंगतीत मानाने बसला होता.

सुरी घालण्यापूर्वी

आमचे चित्र होते पाच पाकळ्यांचे फूल. गुलाबी रंगासाठी एरवी माशाचा गोड भुगा भातात घालतात. माझ्यासाठी सेन्सेईंनी बिटाच्या रसाने भात रंगवला होता. विहीणबाईंनी आधीच सांगून ठेवले होते म्हणे. नोरीच्या अरुंद पट्ट्यांत गुलाबी भात घालून पाच बारीक गुंडाळ्या करायच्या. मधोमध अंड्याच्या पिवळ्या ऑम्लेटची कांडी उभी धरून भोवती त्या पाच रचायच्या. फटींतून हिरव्या शेंगा बसवायच्या. मग मोठ्या तावावर पांढरा भात पसरून हा सारा संसार बांबूच्या चटईने आवळून घ्यायचा.

ऐकायला सोपे. परंतु चित्र गुंडाळीच्या पोटात असते आणि करणारीला ते दिसत नाही. सेन्सेई तराजूवर भात तोलून देत होत्या. मी मात्र ‘थोडासा जास्त असला तर काय बिघडते’ म्हणून एका पाकळीत चिमूटभर वाढवला. चटई आवळू लागले तर कडा काही जुळेनात. मी जोर लावला तशी नोरी टरकन फाटली. नेमक्या त्याच वेळी सूनबाई फोनवर बोलायला बाहेर गेल्या होत्या. विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिले, नोरीची एक पट्टी ओली करून फाटलेल्या जागी ठिगळासारखी चिकटवली आणि माझ्या हातांवर हात ठेवून चटई हळूहळू आवळली. त्यांचे हात गार होते आणि किंचित थरथरत होते. त्याही घाबरल्या आहेत, हे मला तेव्हा प्रथमच जाणवले.

सूनबाई परतल्यावर विहीणबाई त्यांच्याशी बराच वेळ बोलल्या. मग त्यांनी सांगितले, “माझ्या आजीने आईच्या लग्नात हेच फूल केले होते. आजी आता नाही. माझ्या लग्नात ते आईने एकटीने करायचे, की दोन्ही आयांनी मिळून, हे तिला ठरवता येत नव्हते. तुम्हाला विचारायला संकोच वाटत होता.”

मला काही सुचेना. मी नुसतीच मान हलवली.

हे लग्नासाठी आहे, असे कळताच सेन्सेई गंभीर झाल्या. सुरी ओल्या फडक्याने पुसून त्या काही बोलल्या आणि सगळ्याजणी हसल्या. सूनबाईंनी उलगडा केला: लग्नकार्यात ‘कापणे’ हा शब्द उच्चारत नाहीत, नाते तुटल्याचा भास होतो. म्हणून म्हणायचे, ‘सुरी घालू या.’ मी चटकन म्हटले, “आमच्याकडेही बांगडी फुटत नाही, ती वाढवते! शुभकार्यात नारळसुद्धा वाढवतात.” त्यांनी ते भाषांतर करून सांगताच विहीणबाईंनी टाळीच वाजवली. आमची पहिली खरीखुरी गप्पागोष्ट झाली ती अशी, न उच्चारण्याच्या शब्दांविषयी.

सुरी घातली. विहीणबाईंचे फूल रेखीव. माझ्या फुलाची एक पाकळी फुगून शेजारणीला ढकलत होती. पण ते फूलच होते, याविषयी दुमत नव्हते. “इतादाकिमास” म्हणून सर्वांनी हात जोडले. विहीणबाईंनी स्वतःच्या ताटलीत माझ्या फुलाचा काप घेतला आणि त्यांचा माझ्या ताटलीत ठेवला.

लग्नाची नोंद नगरपालिकेच्या कार्यालयात साधेपणाने झाली. घरच्या मेजवानीत दोन तबके होती. कोणते कोणाचे, हे पाहुण्यांना सांगावे लागले नाही.

वडोदऱ्याला परतल्यावर पुण्याहून मागवलेल्या इंद्रायणी तांदळावर मी प्रयोग केले. तो पुरेसा चिकट होतो आणि रंगासाठी बीट बाराही महिने मिळते. वाचकांनी अवश्य करून पाहावे; भात मात्र तोलूनच घ्यावा.

गेल्या दिवाळीत व्याही-विहीणबाई आमच्याकडे आले. मी अळूवडीचे उंडे वाफवून ताटात काढले होते. पानांवर पीठ लावून केलेली ती गुंडाळी विहीणबाईंनी चहूबाजूंनी न्याहाळली, सुरी हातात घेतली आणि लेकीला काहीतरी विचारले. सूनबाई हसत म्हणाल्या, “आई विचारते, हिला कापायचे, की सुरी घालायची?”

मी म्हटले, “सुरी घाला.”