गोळ्यांची पिशवी

संपादकांनी दिलेला विषय होता उतारवयातला स्किझोफ्रेनिया, स्मृतिभ्रंश आणि गोंदिया जिल्हा. इतिहासापासून सुरुवात करावी म्हणून मी नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाची माहिती काढली. १८६४ ची स्थापना, ९४० खाटा, विदर्भभरातून येणारे रुग्ण, आणि शहर ज्याला अजूनही पागलखाना चौक म्हणतं तो चौक. गोंदियाकडचा माणूस पिढ्यानपिढ्या तिथेच नेला जायचा, रेल्वेनं साधारण एकशेतीस किलोमीटर. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला १ मे १९९९ ला, आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं २०१६ मध्ये. एवढं टिपून झालं आणि माझं लक्ष एका छोट्या गोळीवर जे अडकलं ते तिथून हललंच नाही.

ट्रायहेक्सीफेनिडिल तिचं नाव. डॉक्टर लिहिताना टीएचपी एवढंच लिहितात. ही गोळी मूळ आजारावरची नव्हे, आजाराच्या औषधावरची. स्किझोफ्रेनियात विशी-पंचविशीत एखाद्याला आवाज ऐकू येऊ लागतात, घरचेच आपल्यावर विषप्रयोग करताहेत असं वाटू लागतं. १९५२ मध्ये क्लोरप्रोमाझिन आलं, १९५८ मध्ये हॅलोपेरिडॉल तयार झालं, आणि असे आवाज औषधानं दबू लागले. पुढे रोजच्या गोळीऐवजी दोन-चार आठवड्यांनी घ्यायचं फ्लुफेनाझिनचं इंजेक्शनही मिळू लागलं. ही औषधं मेंदूतल्या डोपामिनला अडवतात. डोपामिन अडलं की आवाज ओसरतात, पण हातपाय ताठ होतात, बोटं थरथरतात, तोंडातून लाळ गळते, माणूस पाय घासत चालतो. हा ताठरपणा सोडवायला टीएचपी देतात. ती ॲसिटिलकोलिन नावाच्या दुसऱ्या रसायनाला अडवते, दोघांचं प्रमाण पुन्हा जुळतं आणि हात मोकळे होतात. तरण्या माणसाला हे मानवतं.

तोच माणूस सत्तरीला पोचतो तेव्हा काय होतं ते पाहा. ॲसिटिलकोलिन हे स्मरणाचं रसायन आहे. वयाबरोबर त्याचं काम मंदावतं, अल्झायमरमध्ये तर ते फारच घटतं. आणि चाळीस वर्षांपूर्वी लिहिलेली गोळी त्यालाच रोज सकाळ-संध्याकाळ अडवत राहते. तोंड कोरडं पडतं, शौचाला होत नाही, लघवी तुंबते. माणूस बांधावरून घरी यायची वाट विसरतो, तिन्हीसांजेला कोपऱ्यात कुणी बसलेलं पाहतो. घरचे म्हणतात, साठी बुद्धी नाठी. घाईत असलेला डॉक्टर स्मृतिभ्रंश लिहितो आणि डोनेपेझिल सुरू करतो. डोनेपेझिल ॲसिटिलकोलिन वाढवतं. म्हणजे एकाच पिशवीतल्या दोन गोळ्या एकाच गाडीला दोन्ही टोकांनी जुंपलेल्या बैलांसारख्या ओढत राहतात, आणि मध्ये म्हातारा.

म्हणून नवं काही लिहिण्याआधी जो डॉक्टर नातेवाइकाला पिशवी टेबलावर उपडी करायला सांगतो, त्याच्याबद्दल मला फार आदर वाटतो. पिशवीत साखरेची गोळी असते, बीपीची असते. सर्दीची एखादी असते, झोपेसाठी कुणी कधीतरी दिलेली ॲमिट्रिप्टिलिन असते. या शेवटच्या दोघीही बऱ्याचदा टीएचपीच्याच वाटेनं जातात. त्या मोजायच्या, त्यांतल्या नको त्या कमी करायच्या, आणि टीएचपी एकदम न थांबवता आठवड्या-आठवड्यानं उतरवायची. एकदम सोडली तर ताठरपणा आणि बेचैनी उसळून येते. पुष्कळदा एवढ्यानंच हरवलेला माणूस बराचसा जागेवर येतो.

एवढं करूनही जो गोंधळ उरतो त्याचा उलगडा कठीण असतो. एमिल क्रेपेलिन या जर्मन मनोविकारतज्ज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तरुणांच्या आजाराला ‘डिमेन्शिया प्रीकॉक्स’ म्हटलं, तोच आजचा स्किझोफ्रेनिया. त्यानंच १९१० मध्ये आपला सहकारी अलॉइस अल्झायमर याचं नाव उतारवयातल्या एका स्मृतिभ्रंशाला दिलं. पुस्तकात वेगळे ठेवलेले हे आजार ओपीडीच्या बाकावर एकाच देहात येऊन बसतात. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला स्मृतिभ्रंश होण्याचा धोका इतरांच्या दुपटीच्या आसपास असतो. ‘माहे पैसे सुनेनं चोरले’ ही तक्रार दोन्हींत ऐकू येते. स्मृतिभ्रंशात पैसे कुठे ठेवले हेच आठवत नाही, म्हणून चोर शोधावा लागतो. स्किझोफ्रेनियात कटाची गोष्ट जुनी आणि बारकाव्यांसह असते, आणि आज वार कोणता हे तो माणूस बरोबर सांगतो. तिसराही एक प्रकार आहे, साठीनंतर पहिल्यांदाच सुरू होणारा. तो बायकांत अधिक दिसतो, कमी ऐकू येणाऱ्यांत अधिक. भिंतीतून कुणी आत येतं असं त्यांना वाटतं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासात त्यांना रोज १०० मिलिग्रॅम ॲमिसल्प्राइडनं आराम पडला. तरुण रुग्णाला याच्या कितीतरी पट मात्रा लागते.

आणि गोंदियाचं म्हणून काही आहे, जे पाठ्यपुस्तक क्वचितच एकत्र सांगतं. हा तेंदूपत्त्याचा, बिडीचा मुलूख. बिडीच्या धुरानं यकृत ओलान्झापिन आणि क्लोझापिन झपाट्यानं निकामी करतं. खोकल्यामुळे म्हाताऱ्यानं बिडी सोडली की त्याच मात्रेत औषध अंगात साचतं आणि तो दिवसभर झोपून राहतो. चघळायच्या खर्र्यातल्या सुपारीत ॲरेकोलिन असतं, ते ॲसिटिलकोलिनसारखंच वागतं. सुपारी फार खाणाऱ्या, इंजेक्शनवरच्या रुग्णांत ताठरपणा वाढल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. मोहाची दारू रोज घेणारा माणूस मांडीचं हाड मोडून भरती झाला, तर तिसऱ्या दिवशी त्याला भिंतीवर किडे दिसतात. ते वेड नव्हे, दारू तुटल्याचा गोंधळ. त्याला थायमिन हवं असतं. सालेकसा-देवरीकडचा मलेरिया, मे महिन्याच्या उन्हात घसरलेलं सोडियम, तुंबलेली लघवी, यातलं कुठलंही कारण म्हाताऱ्या मेंदूला दोन दिवसांत भ्रमिष्ट करतं. काल ठीक होता, आज बरळतोय असं कुणी म्हणालं तर आधी रक्त-लघवी तपासायची, मनोविकाराची गोळी नंतर.

कारण ती गोळी निरुपद्रवी नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००५ मध्ये ठळक चौकटीत इशारा दिला: स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांना ओलान्झापिनसारखी नवी औषधं दिल्यानं मृत्यूचं प्रमाण वाढतं. सतरा चाचण्यांच्या त्या हिशेबात दहाएक आठवड्यांत औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे साडेचार टक्के मरण पावले, न घेणाऱ्यांपैकी सुमारे २.६ टक्के. २००८ मध्ये हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांनाही तोच इशारा लागू झाला. लुई बॉडी प्रकारच्या स्मृतिभ्रंशात तर हॅलोपेरिडॉलचा छोटा डोसही माणसाला लाकडासारखा ताठ करू शकतो. मग रात्री ओरडणाऱ्या आजीचं काय करायचं? नॉर्वेतल्या वृद्धनिवासांत ३५२ जणांवर झालेला २०११ चा अभ्यास मला इथे फार मोलाचा वाटतो. तिथे वेदनेवर पायरीपायरीनं उपचार केले, बहुतेकांना साधं पॅरासिटामॉल दिलं, आणि अस्वस्थपणा लक्षणीय उतरला. गुडघा दुखतो हे सांगायला शब्द उरले नाहीत म्हणून ती ओरडत होती. चष्मा, कानाचं यंत्र, संध्याकाळी लावलेला दिवा, रोज तोच माणूस जवळ असणं, हे उपचार प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवाक्यातले आहेत.

तरीही काळजी वाटते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या रचनेत मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक, परिचारिका असे सगळे आहेत. पण एका तज्ज्ञासमोर बाकभर रुग्ण असले की पिशवी उपडी करायला वेळ मिळत नाही, जुनीच चिठ्ठी पुढे चालू राहते. स्मरणाच्या चाचण्या वाचता-लिहिता येणाऱ्यांसाठी बनलेल्या. निरक्षरांसाठी हरियाणातल्या बल्लभगडच्या अभ्यासातून १९९५ मध्ये हिंदी चाचणी आली, पण झाडीबोली, पोवारी किंवा गोंडी बोलणाऱ्या आजीला प्रश्नच नीट कळला नाही तर गुण कसले द्यायचे? १४४१६ हा टेलीमानसचा क्रमांक २०२२ पासून आहे. मात्र ताठ झालेलं मनगट फोनवर वाकवून पाहता येत नाही. कित्येक घरांत पहिली फेरी अजून भुमकाकडे, म्हणजे गोंडांच्या पुजाऱ्याकडे, किंवा मांत्रिकाकडे होते. घरच्यांना मी दोष देत नाही, भुमका आणि मांत्रिक गावातच असतात.

सगळ्यांत अवघड प्रश्न गोळी देणाऱ्या हाताचा. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला बहुधा आई सांभाळते. रुग्ण साठीचा झाला तर ती ऐंशीची असते, आणि तिलाच विसर पडू लागतो. भाऊ नागपूर-रायपूरला कामाला, रोवणीच्या दिवसांत घरात कुणी नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १९ सांगतं की केवळ घरच्यांनी नाकारलं म्हणून कुणाला मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही. बऱ्या झालेल्यांसाठी पुनर्वसनगृहं उभी करायला सर्वोच्च न्यायालयानंही राज्यांना बजावलं आहे. पण दोन्ही निदानं असलेल्या सत्तरीच्या माणसाला वृद्धाश्रम मनोरुग्ण म्हणून टाळतो, आणि पुनर्वसनगृहाच्या कामात अंथरूण ओलं करणाऱ्याची शुश्रूषा धरलेली नसते. मग भावजयच उरते. ती तयार असेल तर गोळ्यांची नावं, वेळा, आणि कोणत्या खुणेवर डॉक्टरकडे धावायचं, हे तिला आईच्या हयातीतच शिकवायला हवं. त्यासाठी मानसोपचाराची परिचारिका चिचगड-दरेकसापर्यंत महिन्यातून एकदा तरी पोचायला हवी, आणि पिशवी तिच्यासमोर घरच्या ओट्यावर उपडी व्हायला हवी.