सल्लागार मंडळाचे ऐकणार कोण?

शासनाच्या सल्लागार मंडळांविषयी सर्वसामान्य माणसाचे मत फारसे चांगले नाही. मंडळ नेमले म्हणजे प्रश्न पुढे ढकलला, असा त्याचा समज असतो आणि तो अगदीच निराधार नसतो. अपंगांसाठी असलेल्या राज्य सल्लागार मंडळाकडेही तो याच नजरेने पाहतो. परंतु हे मंडळ कोणा मंत्र्याच्या मर्जीतून जन्मलेले नाही. संसदेच्या कायद्याने ते प्रत्येक राज्यावर बंधनकारक केले आहे. म्हणूनच त्याचे प्रयोजन काय आणि त्याच्या हाती नेमके काय दिले आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

१९८१ हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष म्हणून जगभर पाळले गेले. अपंगांचा प्रश्न दयेचा नसून हक्काचा आहे, या विचाराला आपल्याकडे कायद्याचे रूप येण्यासाठी मात्र १९९५ साल उजाडावे लागले. त्या कायद्याने अपंगत्वाचे सात प्रकार मानले आणि शासकीय नोकऱ्यांत ३ टक्के जागा राखल्या. पुढे २००७ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्कविषयक कराराला मान्यता दिली. अपंगांविषयीचे निर्णय त्यांच्याशी विचारविनिमय करूनच घ्यावेत, हे त्या करारातील एक कलम होय. त्याला अनुसरून २०१६ चा नवा कायदा झाला व एप्रिल २०१७ पासून अमलात आला. प्रकार एकवीस झाले, राखीव जागा ४ टक्के झाल्या. आणि केंद्रात व राज्यांत सल्लागार मंडळे आली.

राज्य मंडळाचे अध्यक्षपद संबंधित खात्याच्या मंत्र्याकडे असते. निरनिराळ्या खात्यांचे सचिव आणि विधिमंडळाचे तीन सदस्य त्यात असतात. त्यांच्याबरोबर पाच तज्ज्ञ, जिल्ह्यांचे पाच प्रतिनिधी आणि संस्था-संघटनांच्या वतीने शक्यतो स्वतः अपंग असलेल्या दहा व्यक्ती नेमावयाच्या असतात. या दहांत निदान पाच स्त्रिया हव्यात. सहा महिन्यांतून एकदा तरी बैठक झालीच पाहिजे, असा दंडक आहे. धोरणाबाबत सल्ला देणे, खात्याखात्यांच्या कामाचा मेळ घालणे आणि कायद्याचा परिणाम तपासणे, ही त्याची कामे.

एवढा खटाटोप कशासाठी? अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर, मागणी मोजण्याची आपली रीतच येथे अपुरी पडते म्हणून. ज्याला बसमध्ये चढता येत नाही, तो प्रवाशांच्या मोजणीत येत नाही. आणि मोजणीत तो नाही, म्हणून बसची पायरी उंचच राहते. बाजार त्याला ग्राहक म्हणून ओळखत नाही, आणि कचेरीच्या दप्तरात त्याची तक्रार नसते, कारण तक्रार नोंदवायलाही जिना चढावा लागतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांची गरज आकड्यांच्या जाळ्यातून निसटते; ती शासनापर्यंत पोहोचवणारी कायदेशीर वाट म्हणजे हे मंडळ.

शिवाय जाणकाराचा सल्ला वेळेवर घेतला, तर पैसाही वाचतो. महाविद्यालयात शिकविणाऱ्याला याची उदाहरणे दूर शोधावी लागत नाहीत. चाकांच्या खुर्चीवरून येणाऱ्या विद्यार्थ्याचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर असतो. लिफ्ट बसवायला मोठी रक्कम लागते, हे खरे. पण तो तास तळमजल्यावर आणायला वेळापत्रकातील एक ओळ बदलली की पुरते. उतरणीचेही तसेच. बारा फुटांच्या लांबीला एक फूट चढ, हे सर्वमान्य प्रमाण आहे. ते डावलून उभी चढण बांधली, की खर्च होतो, फोटो निघतो आणि खुर्ची मात्र खालीच राहते. आराखड्यावर अपंग व्यक्तीची नजर आधी पडली असती, तर तीच रक्कम कारणी लागली असती.

मग अडते कोठे? कायद्याने मंडळाला बोलण्याचा अधिकार दिला. त्याला उत्तर देण्याचे बंधन मात्र कोणावर घातले नाही. याच कायद्यातील राज्य आयुक्तांची गोष्ट वेगळी आहे. आयुक्तांनी एखाद्या प्राधिकरणाला शिफारस केली, तर तीन महिन्यांत कार्यवाही कळवावी लागते; शिफारस अमान्य असेल, तर तिची कारणे द्यावी लागतात. मंडळाच्या सल्ल्याला असे कवच नाही. इतिवृत्त फायलीत जाते आणि तेथेच राहते.

निव्वळ शिफारशीचे काय होते, हे आपण पाहिले आहे. जुन्या सार्वजनिक इमारती अपंगांना वापरता येतील अशा करण्यासाठी कायद्याने नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली होती. ती जून २०२२ मध्ये संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, सुगम्यतेची मानके केवळ मार्गदर्शक ठेवणारा नियम मूळ कायद्याशी विसंगत आहे. बंधनकारक मानके वेगळी ठरवा.

येथे एक आक्षेप संभवतो. मंडळाचा सल्ला बंधनकारक केला, तर लोकनियुक्त सरकारच्या अधिकारावर अतिक्रमण होईल. तिजोरीलाही मर्यादा असतात. आक्षेप रास्त आहे. पण मागणी सल्ला मानण्याच्या सक्तीची नाही, उत्तर देण्याच्या सक्तीची आहे. पैसा नाही, हेही उत्तर होऊ शकते. मात्र किती लागतो, किती आहे आणि उरलेला केव्हा मिळेल, हे लेखी सांगितले पाहिजे. आयुक्तांच्या शिफारशीला लागू असलेली तीन महिन्यांची मुदत मंडळाच्या सल्ल्यालाही लावावी, आणि सल्ला व त्यावरील उत्तर दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवावे. यासाठी नवे खाते नको, नवी पदेही नकोत.

महाराष्ट्राने २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र खाते निर्माण केले. 'अपंग'चे 'विकलांग' झाले, 'विकलांग'चे 'दिव्यांग' झाले. नावे बदलण्यातील तत्परता उत्तरे देण्यातही दिसावी, एवढीच अपेक्षा आहे. ज्याचे मत विचारले आणि ज्याला उत्तर दिले नाही, त्याचा अपमान न विचारलेल्यापेक्षा थोडा अधिकच होतो.