नुसतं ‘मस्त’ म्हणायचं नाही!

मुलांनो, सिनेमा बघून आल्यावर ‘कसा होता रे?’ असं कुणी विचारलं तर तुम्ही काय सांगता? ‘मस्त!’ किंवा मग ‘बोअर!’ हो ना? संपली गोष्ट. विचारणाऱ्याला काय कळलं? काहीच नाही!

आमच्या सेलूत या दोन शब्दांवर बंदी आहे. सेलू म्हणजे परभणीकडचं नव्हे हं. आमचं वर्धा जिल्ह्यातलं, नागपूर रस्त्यावरचं. दर शनिवारी रात्री जेवणं आटोपली की गल्लीतली दहा-बारा पोरं आमच्या घरी जमतात. सतरंजी पसरायची, मुरमुऱ्यांच्या चिवड्याचं पातेलं मधे ठेवायचं आणि टीव्हीवर सिनेमा लावायचा. सोबत दोन आज्या आणि एक आबाजी. सिनेमा संपला की एक लाल पुठ्ठ्याची वही फिरते. ज्याला वाटेल त्यानं चार ओळी लिहायच्या. ‘मस्त’ लिहिलं तर खाली कुणीतरी हमखास लिहितं, ‘काहून?’ काहून म्हणजे का, आमच्याकडचा ‘का’! या एका प्रश्नानं भल्याभल्यांची दांडी उडते.

आणि लाईन गेली तर? मग तर आणखी मजा. अंधारात प्रत्येकानं पुढची गोष्ट आपल्या मनानं सांगायची. एकदा लाईन तासभर आली नाही तेव्हा एका सिनेमाचे सहा शेवट तयार झाले. त्यातले दोन तर, माझ्या मते, खऱ्या शेवटापेक्षा चांगले होते.

आबाजींना या वहीचं भारी नवल वाटतं. त्यांच्या तरुणपणी, म्हणजे ऐंशीच्या दशकात, रविवारी संध्याकाळी दूरदर्शनवर हिंदी सिनेमा लागायचा. आठवड्यातून तो एकच, आणि टीव्हीसुद्धा चार घरांत मिळून एक. खिडकीतून बघणारे वेगळेच. ऐन रंगात आलेला सिनेमा थांबवून बातम्या लागायच्या, की मंडळी घरी जाऊन जेवून यायची. ‘आवडला का नाही, हे कोण विचारते? जे लागलं ते पाह्यचं!’ आबाजी म्हणतात. पण आता वहीत सगळ्यात लांबलचक तेच लिहितात.

वहीतलं थोडं तुम्हालाही दाखवते.

‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा परेश मोकाशींचा २००९ सालचा सिनेमा. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ कसा काढला, त्याची ही गोष्ट. तो ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला आणि आपल्या देशात पूर्ण लांबीच्या कथापटांची सुरुवात झाली. मला वाटलं होतं, पोरं इतिहासाला कंटाळतील. कुठलं काय! सिनेमात काम करायला बाई मिळेना, म्हणून तारामती झाले अण्णा साळुंके, एका उपाहारगृहातले आचारी. बाईचं काम करायचं तर मिशा काढायला हव्यात, आणि पुरुष मंडळी तर अडून बसलेली! इथं आमची सतरंजी हसून हसून लोळली. नववीतल्या ताईनं मात्र लिहिलं, ‘सगळे फाळक्यांचं कौतुक करतात. पण घरातलं सामान विकलं जातं तेव्हा सरस्वतीबाई कुरकुरत नाहीत, उलट कामाला लागतात. सिनेमाचं नाव दोघांचं हवं होतं.’ त्याखाली कुणीही ‘काहून?’ लिहिलं नाही.

आज्यांच्या आग्रहानं ‘श्यामची आई’ लावला. आचार्य अत्र्यांचा, १९५३ चा. राष्ट्रपतींचं सुवर्णपदक पहिल्यांदा मिळालं ते याच सिनेमाला. आवाज जरा खरखरतो, गाडी हळू चालते, हे पोरांनी सरळ लिहून टाकलं. पोहायला न जाणाऱ्या श्यामला आई शिक्षा करते, त्यावर तर आज्या एकीकडे आणि पोरं दुसरीकडे अशी जुंपली की शेवटी चहा ठेवावा लागला.

आणि मग आला ‘टिंग्या’.

मंगेश हाडवळे यांचा हा २००८ चा सिनेमा. टिंग्या जुन्नरकडच्या एका गरीब शेतकऱ्याचा लहान मुलगा. त्यांच्या घरचा बैल चितंग्या खड्ड्यात पडतो आणि कामातून जातो. बटाट्याची लागवड तोंडावर आलेली, डोक्यावर कर्ज, दुसरा बैल घ्यायला पैसे नाहीत. वडील ठरवतात, चितंग्याला विकायचं. टिंग्या ऐकायलाच तयार नाही. शेजारच्या रशिदाची नानी म्हातारी आहे, आजारी आहे. तिला तर कुणी विकत नाही, औषधपाणी करतात. मग चितंग्यालाच का? या प्रश्नाला सिनेमातल्या एकाही मोठ्या माणसाकडे धड उत्तर नाही. शरद गोयेकरनं टिंग्याचं काम इतकं खरं केलंय की त्याला उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

हा सिनेमा कुठंही बघितला तरी चटका लावतो. पण आमच्याकडे बघणं वेगळं. आमच्या तालुक्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तुम्ही ऐकला असेल. मोठ्यांच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं आपापले लाकडी नंदी सजवून मिरवायला नेतात. म्हणजे चालायला लागण्याआधीपासून बैल आमच्या पोरांच्या घरातला! कापसाचं गाव, पाऊस दगा देतो तेव्हा पहिल्यांदा काय विकलं जातं, हेही इथं पाचवीतल्या पोराला माहीत असतं.

सिनेमा अर्ध्यावर आला असेल. चितंग्याला विकायच्या गोष्टी सुरू झाल्या आणि सातवीतला एक मुलगा उठला. चप्पल पायात घातली न घातली, निघून गेला. त्यांचं वावर बोर नदीकडे आहे. आदल्या वर्षी त्यांच्याही घरून एक बैल गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची आई दारात. ‘काकू, पोट्टं रातच्यानं जेवलं नाही. असं रडवणारं कायले दाखवता लेकरायले? हसाचं दाखवा ना काही!’

तिचं बोलणं खोटं नव्हतं. पालकांनो, हा प्रश्न तुमच्याही मनात येत असेल. त्या रविवारी आमच्या अंगणात यावर बरीच चर्चा झाली. एका आजीचं म्हणणं, दुःख घरी कमी आहे का, की ते टीव्हीवर बघायचं? आबाजी म्हणाले, मारामारीचे सिनेमे पोरं खुशाल बघतात, तेव्हा नाही कुणी दारात येत. मला विचाराल तर रडवणारा सिनेमा वाईट नसतो; उगाच रडवणारा वाईट. ‘टिंग्या’ उगाच रडवत नाही. पण उठून जाण्याची मोकळीक प्रत्येकाला हवीच, आणि गेलेल्याला ‘घाबरला बे!’ म्हणून चिडवायचं नाही, हेही त्याच दिवशी ठरलं. सिनेमाचं नाव आता शुक्रवारीच घरोघर कळतं. ज्याला यायचं त्यानं यावं.

तो मुलगा तीन शनिवार आला नाही.

मधल्या काळात आम्ही ‘किल्ला’ बघितला. अविनाश अरुण यांचा. वडील गेलेले, आईची बदली कोकणात झालेली, आणि चिन्मयला तिथं सगळंच परकं. शाळा बदललेल्या कुणालाही हे कळेल. आमच्यातल्या निम्म्या पोरांनी खरा समुद्र बघितलेला नाही. ती तर पावसातला समुद्र बघून गप्पच झाली. या सिनेमाला २०१४ साली बर्लिनच्या महोत्सवात क्रिस्टल बेअर, म्हणजे स्फटिकाचं अस्वल मिळालं. आणि गंमत ऐका, हे अस्वल कुणाला द्यायचं ते ठरवतात मुलंच! तिथं मुलांचं परीक्षक मंडळ असतं. हे सांगितल्यावर आमच्या वहीचा भाव एकदम वधारला. ‘झुंड’ही झाला त्याच महिन्यात, नागराज मंजुळे यांचा, नागपूरच्या झोपडपट्टीतल्या फुटबॉलचा. पूर्वार्धातल्या सामन्याला सगळे उभे राहून ओरडले; उत्तरार्धात तिघं झोपली. तीन तासांचा सिनेमा रात्री नऊला लावला तर दुसरं काय होणार!

चौथ्या शनिवारी ‘नाळ’ होता. सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचा, २०१८ चा. आपण ज्या आईच्या कुशीत वाढलो ती आपली जन्माची आई नाही, हे छोट्या चैत्याला कळतं आणि त्याचं आईशी वागणं बदलत जातं. ती बिचारी तशीच माया करत राहते. श्रीनिवास पोकळेनं चैत्याचं काम केलंय. त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण आमच्या पोरांना पहिला धक्का बसला तो बोलीचा. सिनेमातली माणसं चक्क आपल्यासारखी बोलतात! एरवी आमची बोली सिनेमात येते ती हसवायला. इथं रुसवा, माया, रडणं सगळं त्याच बोलीत. एका छोटीनं लिहिलं, ‘मले वाटलं आमच्या घरच्यायनंच काम केलं.’

तो मुलगा त्या रात्री आला होता. दाराजवळ बसला, चिवडा घेतला नाही, पण शेवटपर्यंत उठलाही नाही. वही त्याच्याकडे गेली तेव्हा त्यानं मागची पानं उलटली आणि ‘टिंग्या’च्या पानावर, उरलेल्या जागेत, लिहायला सुरुवात केली. जसं लिहिलं तसंच देते:

‘टिंग्या खरा आहे. बैल बसला की उठवाले सगळे लागतात, तरी तो उठत नाही, ते आमच्याइथं झालं आहे. टिंग्या भांडला. मी नाही भांडलो. बाबा रात्री झोपले नव्हते म्हणून. आम्ही बैल देला पण दावं नाही देलं. ते अजून खुंटीले आहे. पुढं काय झालं ते कोणी सांगू नका, मले पाह्यचं आहे.’

वही पुढे गेली. या पानाखाली आबाजींनी फक्त सही केली.

पोळ्याच्या आधीच्या शनिवारी ‘टिंग्या’ पुन्हा लागणार आहे, पहिल्यापासून. शुक्रवारी निरोप द्यायला गेले तर त्याची आई सारवत होती. मान वर न करताच म्हणाली, ‘मी बी येईन. आणि चिवडा मी आणते, तुमच्या चिवड्यात तिखट नसते.’